बिनकढईची मॅच

आमच्या गल्लीतल्या पुरुषांना क्रिकेटच्या मॅचेस धावांवरून आठवतात. अमक्यानं किती काढल्या, तमका कितव्या ओव्हरला बाद झाला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मला त्या मॅचेस खाण्यावरून आठवतात. डुबुकवड्यांची मॅच, वरण-बट्टीची मॅच, शेवभाजी सांडली ती मॅच. कोण जिंकलं, कोण हरलं, कोणता देश होता, काही सांगता यायचं नाही. पण त्या दिवशी ताटात काय होतं आणि ते कुणी आणलं होतं, ते मी आजही न अडखळता सांगेन. याचं सगळं श्रेय समोरच्या घरातल्या कमलअक्कांना.

जळगावात रेल्वेरुळांच्या पलीकडे, जिथं वस्ती संपून कपाशीची शेतं सुरू व्हायची, तिथं आमची बारा घरांची गल्ली होती. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आले आणि तिथल्या शाळेत शिकवायला लागले. समोर पाटबंधारे खात्यातले भाऊ आणि त्यांची बायको कमलअक्का राहायचे. मूलबाळ नव्हतं. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही भाऊंचा. मॅचच्या दिवशी सकाळी आठ वाजता ते बैठकीतल्या खुर्च्या बाहेर काढायचे, सतरंज्या अंथरायचे आणि दारं उघडी टाकायचे. टीव्ही भाऊंचा, मॅच सगळ्यांची आणि पोटं अक्कांच्या ताब्यात, अशी वाटणी होती.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, सोनगीरच्या. उंच, काटक, चष्म्याच्या दांड्यांना काळा दोरा बांधलेला. गॅसवाल्याशी, पोस्टमनशी आणि माझ्यासारख्या परक्या मुलखातल्या बायकांशी त्या शुद्ध मराठीत बोलत. राग आला किंवा माया आली की मात्र अहिराणी सुरू. मला पहिले सहा महिने त्यांची अहिराणी ऐकायला मिळाली नाही. मग एका मॅचला मी हौसेनं काकडीची कोशिंबीर करून नेली. अक्कांनी बोटानं चाखली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतलं मीठ? समुद्र शे का तुना गावले?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, कारण त्या दिवसापासून मी गल्लीची झाले हे मला कळलं. शिक्षा मात्र झालीच. पुढची दोन वर्षं मला लसूण सोलण्यापलीकडे काही दिलं नाही.

मॅचच्या जेवणाची आखणी आठ दिवस आधी सुरू व्हायची. दुपारी कामं आवरली की अक्का ओट्यावर बसायच्या, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मांडीवर घ्यायच्या आणि पेन्सिलीनं लिहायला लागायच्या. सगळ्यात आधी माणसं. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि ओठ हलायचे. तोवर कुणी बोलायचं नाही. माणसं मोजून झाली की मग पदार्थ. कोण काय आणणार हे त्या विचारत नसत, सांगत. "पाटलीणबाई, तुम्ही ताक. भाकरी नको, तुमच्या भाकरीला काठ राहतो." पाटलीणबाईंना राग यायला हवा होता, पण भाकरीला काठ राहायचा हे त्यांनाही माहीत होतं. कुणाचे दात हलतात, कुणाला उडीद बाधतो, कुणाच्या घरी सून नवी आहे म्हणून तिला सोपं काम द्यायचं, हे सगळं त्या पानावर असायचं. शाळेत वर्षभराचं वेळापत्रक मी करायचे, पण एवढं सगळ्यांचं मन राखून मला ते कधी जमलं नाही.

त्यांचे नियम होते, आणि प्रत्येक नियमामागे एक अपघात होता. सगळ्यात मोठा शेवभाजीचा. त्या वर्षी रस्सा उकळायला उशीर झाला, खेळाडू जेवून परत मैदानात आले तरी आमची पंगत बसलेलीच. कुणीतरी षटकार मारला, गल्लीतले पवार ताटासकट उठले आणि तो लालभडक, तर्रीदार रस्सा शेजारी बसलेल्या भाऊंच्या साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर गेला. साहेबांनी त्यानंतर मॅचला येणं सोडलं. तेव्हापासून ठरलं की मॅचला रस्सा नाही आणि जेवण चाळीस मिनिटांचं. खेळाडू जेवायला गेले की आपली पंगत बसली पाहिजे, ते परत यायच्या आत ताटं उचलली गेली पाहिजेत. इकडचं तिकडचं एक मिनिट नाही. तिकडचे पंच तरी कधी चुकत असतील, अक्का कधी नाही.

खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून त्या अधूनमधून बघत. एखादा शून्यावर परतला की त्यांना त्याची कीव यायची. "त्याले घरून उपाशी धाडेल दिखस," असं म्हणून त्या आत जायच्या. भाऊ कपाळाला हात लावायचे.

थंडीतल्या मॅचला भरीत ठरलेलं. आमच्याकडची ती पांढरट हिरवी, लांबोडकी वांगी, हातात धरली तर मनगटाएवढी. गल्लीच्या टोकाला गाद्या भरणारे रफिकचाचा राहायचे, ते शेतातून कपाशीच्या वाळक्या काड्यांची हातगाडी भरून आणत. पहाट उजाडली की भाऊ अंगणात काड्या पेटवायचे आणि वांगी भाजायला बसायचे. हे काम पुरुषाचं, असं खानदेशात मानतात, आणि भाऊ ते कुणाला करू देत नसत. अक्का मात्र येऊन प्रत्येक वांगं देठाजवळ दाबून बघायच्या. "अजून पाच मिनिटं," म्हणायच्या. भाऊंनी बाकी आयुष्यात त्यांचं किती ऐकलं माहीत नाही, पण ती पाच मिनिटं ते मुकाट्यानं द्यायचे. मग वांगी सोलून लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचली जात, वर कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या. अक्का मोठ्या लोखंडी कढईत त्या सपासप तळायच्या आणि चाळीस मिनिटांत चाळीस माणसं जेवून उठायची.

चैत्रात भाऊ गेले. ऑफिसातून आले, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अक्का दहा दिवस बोलल्या नाहीत, मग कामापुरतं बोलायला लागल्या. टीव्हीवर भरतकामाचं कापड पडलं ते कुणी काढलं नाही. लोक येत, दाराशी चपला काढत, पाच मिनिटं मान खाली घालून बसत आणि जात. मी रोज जायचे, पण मीही दुसरं काय करत होते?

हिवाळा आला आणि एक मोठी मॅच आली. पवारांनी दिवाळीत टीव्ही घेतला होता. ते एका संध्याकाळी अक्कांकडे आले आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "अक्का, यंदा मॅच माझ्याकडे ठेवावी म्हणतो. तुम्हाला उगाच त्रास नको." पवार मनानं चांगला माणूस. अक्का "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. मी चहा ठेवला.

"मास्तरीण," त्या म्हणाल्या, "मॅच एकदा या घरातून गेली की परत यायची नाही. माणसंही यायची नाहीत."

"असं कसं, अक्का? सगळे येतात की."

"येतात ते डोळे पुसायला येतात. मला जेवणारी माणसं पाहिजेत."

मी चहा गाळून त्यांच्यापुढं ठेवला. अडचण मला माहीत होती. घरातलं माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत त्या घरात सण नाही, गोडधोड नाही आणि तळणाची कढई चढत नाही. चढवायचीच तर घरातल्या बाईनं नाही, नात्यातल्या वडीलधाऱ्या बाईनं येऊन स्वतःच्या हातानं चढवायची, मग त्या घराचा दुखवटा सुटला असं धरतात. भाऊंना जाऊन आठच महिने झाले होते. नात्यात वडीलधाऱ्या म्हणजे भाऊंच्या थोरल्या बहीण, साक्रीच्या आत्या. त्यांच्यासमोर भाऊसुद्धा मान वर करून बोलत नसत.

अक्कांनी पदराआडून कॅलेंडरचं पान काढलं. सगळं लिहून झालं होतं. भरीत, ते भाजलेलं. पुऱ्यांऐवजी कळण्याच्या भाकरी, त्या तव्यावरच्या. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, तळायच्या नाहीत, निखाऱ्यावर भाजायच्या. ठेचा, ताक, भाजलेल्या शेंगा, सावद्याकडची केळी. कढई खुंटीवरून खाली येतच नव्हती. मी पान दोनदा वाचलं आणि त्यांच्या डोक्याला मनातल्या मनात नमस्कार केला. रूढी पाळायची आणि माणसंही जेवू घालायची, असं ते पान होतं.

एकच गोष्ट मला खटकली. "तीसच माणसं?" मी विचारलं. "दर वेळी चाळीस असतात."

"दुःखाच्या घरी कोण पोटभर जेवायला येतं? तीस आली तरी पुष्कळ," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "लसूण तू सोलायचा नाहीस. या वेळी ठेचा तू कर. मीठ मला विचारून."

पवारांना त्यांनी जाता जाताच सांगितलं की मॅच इथंच आहे. पवारांनी मान डोलावली.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी साक्रीच्या आत्या न कळवता एसटीनं आल्या. भावाचं घर एकदा बघून जावं म्हणून आल्या होत्या. हातात पिशवी, गळ्यात तुळशीची माळ, चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलणार नाही असा करारीपणा. अंगणात वांग्यांचा ढीग होता आणि मी त्याची देठं पुसत होते. आत्या ढिगापाशी उभ्या राहिल्या.

"इतला ढीग कसाले?"

अक्का बाहेर आल्या. पाया पडल्या. "उद्या मॅच शे, बाई. लोके येतीन."

"मना भाऊले जाईसन वरीस नही व्हयनं अजून."

माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. अक्का हळू आवाजात, पण न थांबता म्हणाल्या, "बठ्ठं भाजेल शे, बाई. तळेल काही नही, गोड काही नही. सण नही करी राहिनू मी. पंचांगमा मॅच लिखेल शे का?"

 आत्या पिशवी उचलून आत गेल्या आणि भाऊंच्या फोटोसमोर बसल्या. रात्रीची एसटी नव्हती, नाहीतर त्या परत गेल्या असत्या अशी माझी खात्री आहे.

सकाळी रफिकचाचांनी काड्या आणल्या. गाडी रिकामी करून ते भाऊंच्या जागेकडे बघत राहिले. पवार पुढं होऊ लागले तेवढ्यात अक्काच भाऊंच्या पाटावर जाऊन बसल्या आणि आगकाडी ओढली. वांगी भाजायलाही त्याच आणि देठाजवळ दाबून बघायलाही त्याच. एक वांगं दाबून त्या पुटपुटल्या, "अजून पाच मिनिटं." मी ऐकलं आणि घरात निघून गेले, कारण मला रडू आवरेना.

टीव्हीवरचं कापड निघालं. साडेआठ वाजता माणसं यायला लागली. गल्लीतली आलीच, पण भाऊंच्या ऑफिसातली आली, मागच्या गल्लीतली आली, एरवी कधी मॅचला न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आल्या. पांढऱ्या सफारीचे साहेबसुद्धा आले, या वेळी तपकिरी घालून. भाऊंची खुर्ची सोडून सगळीकडे माणूस होतं. बैठक भरली, ओटा भरला, खिडकीच्या गजांना लोक लागले. अक्कांचा अंगठा पेरांवरून फिरला, पुन्हा पहिल्यापासून फिरला. साठ.

आयुष्यात त्यांचा माणसांचा हिशेब पहिल्यांदा चुकला होता.

खेळाडू जेवायला गेले. पंगत बसली. भरीत पुरलं, कारण वांगी नेहमीच जास्त घेतलेली असायची. भाकरी मात्र पहिल्या दोन पंगतींतच संपत आल्या. तीन शेगड्यांवर आम्ही तिघी थापत होतो, पण भाकरी ती भाकरी. तिला थापायला वेळ लागतो, शेकायला वेळ लागतो, आणि माझी तर थापतानाच तुटत होती. तिसरी पंगत पानं घेऊन बसलेली. घड्याळात वीस मिनिटं उरलेली. अक्का रिकाम्या टोपलीपाशी उभ्या होत्या. पिठाचा डबा अर्धा भरलेला होता आणि समोर खुंटीवर कढई होती. त्यांनी कढईकडे पाहिलं आणि मान वळवली. मला वाटलं, आता बाहेर जाऊन त्या हात जोडणार. ज्या घरातून कधी कुणी उपाशी उठलं नाही तिथून वीस माणसं अर्धपोटी उठणार, आणि पुढच्या मॅचला पवारांच्या घरी जाणार. अक्कांचा चेहरा मला बघवेना.

साक्रीच्या आत्या सकाळपासून आतल्या कोपऱ्यात टीव्हीकडे पाठ करून माळ ओढत बसल्या होत्या. त्या उठल्या. माळ गळ्यात घातली, पदर खोचला आणि सरळ खुंटीपाशी गेल्या. कढई खाली घेताना तिच्यावरची आठ महिन्यांची धूळ त्यांच्या हाताला लागली. ती त्यांनी पदराला पुसली.

"तेल कोठे शे?"

"बाई," अक्का म्हणाल्या, "वरीस नही व्हयनं."

"माले माहीत शे. मना भाऊना घरतून माणूस उपाशी जाई का? घरमा वडील मी शे. कढई मी चढावस."

मी तेलाचा डबा दिला. पाटलीणबाई पीठ मळायला बसल्या, मी लाटायला. तेल तापलं. आत्यांनी पहिली पुरी सोडली, ती टम्म फुगली. त्यांनी ती झाऱ्यावर निथळली, अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खाय."

अक्का तशाच उभ्या. आत्यांनी दुसरी पुरी सोडली, मागं न बघता पुन्हा म्हणाल्या, "खाय वं." तेव्हा अक्कांनी घास घेतला. भाऊ गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि तेही तोंडात घास असताना. रडत रडतच त्यांनी पुऱ्यांची चळत उचलली आणि त्या बाहेर वाढायला गेल्या. तिसरी पंगत दोन मिनिटं उशिरा उठली. ती मॅच जिंकली की हरली, मला आठवत नाही.

पुढं काही वर्षं मॅच तिथंच राहिली. साक्रीच्या आत्या दर हिवाळ्यात यायला लागल्या, आणि पुऱ्या त्याच तळायच्या. मग घरोघर टीव्ही झाले, केबल आली, लोक आपापल्या पलंगावर लोळून मॅच बघायला लागले. आम्हीही आमचा घेतला. अक्कांकडे जाणं कमी झालं, यात माझाही दोष आहे. मग माझ्या यजमानांची नाशिकला बदली झाली.

निघालो त्या दिवशी रविवार होता आणि कुठलीतरी मॅच होती. सामान ट्रकनं गेलेलं. आम्ही दोघं रिक्षात बसलो तर गल्लीभर धूर. बाकीच्या घरांतून एकच कॉमेंट्री ऐकू येत होती आणि अक्कांच्या अंगणात वांगी भाजत होती. त्यांचा स्वतःचा टीव्ही बंद होता. त्या फाटकाशी आल्या.

"गाडी कितला वाजता शे?"

"दीडला, अक्का. निघायलाच हवं."

"मंग हातवर खा," असं म्हणून त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलेलं भरीत आणि चार पुऱ्या माझ्या मांडीवर ठेवल्या. तेवढ्यात टीव्हीवर जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण सगळ्या घरांतली कॉमेंट्री थांबून जाहिराती लागल्या. आणि मग दारं उघडायला लागली. पवार आले, ताट घेऊन. पाटलीणबाई ताकाचं पातेलं घेऊन. रफिकचाचा, त्यांची सून, तिची पोरं. केबलनं लोकांना घरात बसवलं होतं, पण त्या धुरासमोर कुणी घरात बसणार नव्हतं. अक्कांना बोलावणं करावं लागत नव्हतं.

रिक्षा वळताना मी मागं पाहिलं. अक्का फाटकात उभ्या होत्या, ओठ हलत होते, अंगठा पेरांवरून फिरत होता. माणसं मोजणं चाललं होतं. मोजता मोजता त्यांची नजर गल्लीच्या तोंडाशी पोचलेल्या रिक्षावर आली. अंगठा क्षणभर थांबला, आणि मग दोन पेरं पुढं गेला.

आम्ही निघालो होतो, तरी अक्कांनी आम्हाला मोजणीत धरलं होतं.